आकाशांतील धातूंचा जमाखर्च



निरभ्र रात्रीं आकाशाकडे पाहत बसलें असतां एखादी उल्का सर्रकन् तुटते, क्षणभर उजेडाची रेघ ओढते आणि दिसेनाशी होते. ‘तारा तुटला’ असें आपण म्हणतों, आणि तें प्रकरण आपल्या लेखीं तेथेंच संपतें. परंतु जें जळालें तें गेलें कोठें, असा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. चुलींत लांकूड जळलें तरी मागें राख उरते. मग दगड आणि लोखंड जळून गेल्यावर मागें कांहींच उरूं नये, हें कसें घडेल? ही राख खरोखरच उरते. आपल्या डोक्यावर सुमारें नव्वद-शंभर किलोमीटर उंचीवर, धातूंच्या सुट्या अणूंच्या रूपानें, ती रात्रंदिवस तरंगत असते. लोखंड, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम असे अनेक धातु तिच्यांत आहेत.

गेल्या कांहीं दशकांत या धातूंची मोजदाद उपग्रहांवरून होऊं लागली. ती कशी करतात, तिच्यांतून काय निष्पन्न झालें, आणि ती खंड न पडतां चालू राहणें आज विशेष अगत्याचें कां झालें आहे, या तीन गोष्टी मी आपल्यापुढें क्रमानें मांडणार आहें. विषय आकाशाचा असला, तरी त्याची मांडणी घरच्या जमाखर्चाप्रमाणें करतां येते. म्हणून तीच रीति मी येथें पत्करतों.

प्रथम जमेची बाजू पाहूं. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरत असतांना ज्या अवकाशांतून जाते तें अगदीं स्वच्छ नाहीं. धूमकेतूंनीं मागें टाकलेली आणि लघुग्रहांच्या परस्पर टकरींतून उडालेली धूळ तेथें सर्वत्र विखुरलेली आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर ज्याच्या आघातानें झालें, तसले मोठे पाषाण फार क्वचित् येतात. रोजची आवक असते ती बारीक धुळीची. तिचे बहुतेक कण रव्याच्या दाण्याहूनही लहान असतात. ते सेकंदाला ११ पासून ७२ किलोमीटरपर्यंतच्या वेगानें वातावरणांत शिरतात. यांपैकीं सर्वांत मोठ्या वेगानें आगगाडी धांवूं शकली असती, तर मुंबईहून पुण्यास पोंचावयाला तिला तीन सेकंदही लागले नसते.

इतक्या वेगानें येणारा कण ८० ते ११० किलोमीटर उंचीच्या टापूंत आला कीं हवेच्या रेणूंशीं त्याच्या टकरी सुरू होतात. हवा तेथें अत्यंत विरळ असली, तरी वेग प्रचंड असल्यामुळें तो कण तापून लाल-पांढरा होतो, वितळतो, आणि त्याच्या पृष्ठावरून धातूंचे अणु वाफेच्या रूपानें सुटूं लागतात. सर्व धातु एकदम सुटत नाहींत. सोडियम व पोटॅशियम हे चंचल धातु आधीं उडून जातात. लोखंड व मॅग्नेशियम त्यांच्या मागून निघतात. आणि कॅल्शियम व ॲल्युमिनियम हे चिवट धातु अगदीं शेवटीं कणाला सोडतात. निखाऱ्यावर कापूर आणि तूप एकदम टाकलें, तर कापूर आधीं उडून जातो, तद्वत् हा प्रकार होय.

अशी धूळ रोज किती येते? वर्षानुवर्षें शास्त्रज्ञांचे अंदाज दिवसाला ५ टनांपासून जवळजवळ ३०० टनांपर्यंत पसरलेले होते. ज्या दुकानाच्या जमेंत साठपटींचा घोळ आहे, त्याच्या कारकुनाला कोणताही मालक कामावर ठेवणार नाहीं! २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत हा आंकडा सुमारें ४३ टन आला, आणि त्यांतील सुमारें ८ टनांचीच वाफ होते असें दिसून आलें; २०२० सालच्या अभ्यासांत एकूण आंकडा सुमारें २८ टनांवर आला. हे अंदाज बांधतांना वरच्या हवेंतील सोडियम व लोखंड यांचें मोजमाप हाच एक मुख्य आधार होता. म्हणजे धातूंची शिल्लक नीट मोजतां आली, तरच जमेचा आंकडा विश्वसनीय ठरतो.

ही शिल्लक प्रथम दृष्टीस पडली ती सोडियमच्या रूपानें. गॅसच्या निळ्या ज्योतीवर वरण उतूं गेलें कीं ज्योत पिवळीधमक होते, हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. मिठांतील सोडियमचा तो रंग होय. १९२९ सालीं अमेरिकन खगोलज्ञ व्हेस्टो स्लायफर यांनीं रात्रींच्या आकाशाच्या वर्णपटांत एक पिवळी रेघ नोंदली. पुढें १९३०-४० या दशकाच्या अखेरीस फ्रेंच शास्त्रज्ञांनीं ती सोडियमचीच असल्याचें दाखविलें, आणि १९३९ सालीं सिडने चॅपमन यांनीं तिचें कारण सांगितलें. सोडियमचा अणु ओझोनपासून ऑक्सिजन घेतो. मग ऑक्सिजनचा दुसरा सुटा अणु येऊन तो हिरावून नेतो. आणि या देवघेवींत मोकळा झालेला सोडियम क्षणभर पिवळा उजेड देतो. हा सोडियम समुद्राच्या मिठांतून वर गेला असावा, असाही तर्क त्या काळीं होता. तो उल्कांचाच आहे हें ठरावयास पुष्कळ वर्षें जावीं लागलीं.

सोडियमच्या या चमकण्याचा आपल्या देशाच्या इतिहासाशींही संबंध आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं केरळांतील थुंबा येथून भारतभूमीवरचा पहिला अवकाश-अग्निबाण सुटला, त्यानें वर जाऊन सोडियमची वाफच सोडली होती. मावळल्या सूर्याचे किरण उंचावर त्या वाफेवर पडले आणि ती नारिंगी रंगानें झळकली. वाऱ्यानें तो ढग कसा ओढला जातो हें पाहून वरच्या हवेंतील वारे मोजावे, असा त्या प्रयोगाचा हेतु होता.

नैसर्गिक सोडियमचा थर उंचीवार मोजण्याची युक्ति साधली ती १९६९ सालीं, इंग्लंडांत. सोडियमच्या रंगाशीं तंतोतंत जुळविलेला लेसर-किरण आकाशांत सोडला. वरच्या अणूंनीं तो परतविला. आणि परत येण्यास लागलेल्या वेळावरून थराची उंची काढली. विहिरींत खडा टाकून आवाज येईपर्यंतच्या वेळावरून तिची खोली अजमावावी, तसाच हा प्रकार होय. पुढें अनेक देशांत अशीं यंत्रें उभीं राहिलीं. तिरुपतीजवळ गादंकी येथेंही असें मोजमाप झालें आहे. या मोजमापांवरून असें दिसून आलें कीं सोडियमचा थर सुमारें ९० किलोमीटर उंचीवर सर्वांत दाट असतो, आणि तेथें एका घनसेंटिमीटरांत कांहीं हजार अणु असतात. हा दाटपणा तरी कसला? हवेच्या सुमारें दोन हजार कोटी रेणूंमागें सोडियमचा एक अणु! पृथ्वीच्या सर्व पृष्ठावर पसरलेल्या या थरांतील सुटे सोडियम अणु गोळा करून तराजूंत घातले, तर त्यांचें एकंदर वजन एक टनाहूनही कमी भरेल. तें दोन-तीन बैलगाड्यांत सहज मावेल.

मग एवढ्यानें काम भागलें नाहीं काय? नाहीं. त्याचीं कारणें दोन. पहिलें असें कीं लेसरचें यंत्र एका ठिकाणीं खिळलेलें असतें. तें आपल्या माथ्यावरची हवा उत्तम पाहतें, परंतु पृथ्वीचा बहुतेक भाग समुद्रानें व्यापलेला असून तेथें अशीं यंत्रें बसवितां येत नाहींत. ज्या उंचीचा हा प्रश्न आहे तिची अडचणही मोठी विलक्षण आहे. शास्त्रीय फुगे चाळीस-पन्नास किलोमीटरांपलीकडे चढूं शकत नाहींत, कारण त्यांना तोलून धरणारी हवाच वर उरत नाहीं. उलट उपग्रह इतक्या खालीं फिरूं शकत नाहींत. ९० किलोमीटरांवर हवेचा दाब पृथ्वीपृष्ठावरील दाबाच्या सुमारें पांच लाखांव्या हिश्श्याइतकाच असला, तरी तेवढी हवा उपग्रहाला जाळून टाकावयास पुरते. मधल्या या टापूंत प्रत्यक्ष जाऊं शकतात ते फक्त अग्निबाण, आणि तेही कांहीं मिनिटांपुरते.

दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. उल्कांमध्यें मॅग्नेशियम हा एक प्रमुख धातु आहे. सोडियमच्या एका अणूमागें मॅग्नेशियमचे सुमारें अठरा अणु, असें त्यांचें प्रमाण. परंतु मॅग्नेशियमचा स्वतःचा प्रकाश अतिनील भागांत, म्हणजे २८५ नॅनोमीटर तरंगलांबीवर पडतो. आणि त्याच्या अणूंतून एक इलेक्ट्रॉन निघून गेला असतां जो विद्युद्भारित अणु, म्हणजे आयन, बनतो त्याचा प्रकाश २८० नॅनोमीटरच्या आसपास. या तरंगलांबीचे किरण मधला ओझोनचा थर गिळून टाकतो. तो तसें करतो म्हणूनच आपली कातडी व डोळे सुरक्षित राहतात. परंतु आपलें रक्षण करणारा तोच पडदा वरच्या मॅग्नेशियमला आपल्या दृष्टीआड करतो. जमिनीवर कितीही उत्तम दुर्बीण उभारली, तरी हा प्रकाश तिच्यापर्यंत पोंचतच नाहीं. मॅग्नेशियमच्या थराची नित्य नोंद ठेवावयाची तर पाहणाऱ्यानें ओझोनच्या वर गेलें पाहिजे, याला दुसरा मार्ग नाहीं.

हें काम ज्या यंत्रांनीं केलें त्यांतील एक प्रमुख यंत्र ‘स्कायामाकी’ हें होय. १ मार्च २००२ रोजीं युरोपीय अवकाश संस्थेनें एन्व्हिसॅट नांवाचा सुमारें ८ टनांचा उपग्रह सोडला, त्यावर हें यंत्र होतें. जर्मनी, नेदरलंड्स व बेल्जियम या तीन देशांनीं मिळून तें उभारलें. त्याचें लांबलचक इंग्रजी नांव आद्याक्षरांनीं आंखडतांना असें बसविलें आहे कीं त्यांतून ‘सावलीशीं झुंज’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा ध्वनि निघावा. आणि तें नांव किती यथार्थ आहे, तें आपणांस लौकरच दिसेल.

एन्व्हिसॅट सुमारें ८०० किलोमीटर उंचीवरून शंभर मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घालीत असे. धातु पाहतांना यंत्र सरळ खालीं पाहत नसे; तें सुमारें तीन हजार किलोमीटर दूर, क्षितिजाच्या कडेवर, आपली दृष्टि लावी. याचें मर्म घरांतील खिडकीच्या कांचेवरून कळेल. कांच समोरून पाहिली तर रंगहीन दिसते. परंतु तीच कडेनें पाहिली तर हिरवी दिसते, कारण आपली दृष्टि तिच्या लांबीमधून आडवी जाते आणि कांचेंतील लोखंडाचा जो रंग समोरून जाणवत नव्हता तो साठत साठत जाणवण्याजोगा होतो. धातूंच्या थराचेंही तसेंच आहे. दहा किलोमीटर जाडीच्या थरांतून कडेनें आडवें पाहिलें, तर दृष्टीचा मार्ग त्यांतून सुमारें सातशें किलोमीटर जातो. ज्यांना भूमितीची आवड आहे त्यांनीं वर्तुळ काढून हें अवश्य पडताळून पहावें. पायथागोरसचा सिद्धांत तेवढ्यास पुरेसा आहे.

आतां या कडेवर पहावयाचें काय? सारख्या सुरांत लावलेले दोन तंबोरे जवळ ठेवून एकाची तार छेडली, तर दुसऱ्याची तीच तार न छेडतां निनादते. प्रत्येक धातूच्या अणूची अशी एक ठराविक तरंगलांबी असते. सूर्यप्रकाशांत ती तरंगलांबी असली कीं अणु ती ग्रहण करतो आणि लगेच सर्व दिशांना परत फेंकतो. यंत्र आपल्या वर्णपटांत त्या जागेवर किती जास्त उजेड आला तें मोजतें, आणि त्यावरून मार्गांत किती अणु होते तें काढतां येतें.

सांगावयास ही रीति सोपी आहे, परंतु करावयास कठीण. एक तर हवेचे रेणूही सूर्यप्रकाश विखुरतात, आणि त्यांच्या उजेडांतून धातूंचा उजेड निवडून काढावा लागतो. त्यांतून दुसरी अडचण अशी कीं सूर्याच्या स्वतःच्या बाह्यभागांतही मॅग्नेशियम आणि सोडियम आहेत, आणि तेथूनच या तरंगलांबींचे किरण मोठ्या प्रमाणांत अडविले जातात. म्हणजे आपल्या अणूंना ज्या सुराची अपेक्षा आहे, नेमक्या त्याच सुरावर सूर्याचा आवाज मंद झालेला असतो. सूर्याच्या वर्णपटांतील त्या काळ्या रेषांच्या आंत उजेड किती उरला आहे हें सूक्ष्मपणें ठाऊक असल्याशिवाय हिशेब जमत नाहीं. सावलींत शिरून सावलीच मोजण्याचा हा प्रकार आहे.

तिसरी अडचण उंचीची. कडेवर ९० किलोमीटर उंचीला दृष्टि लावली, तरी तिच्या मार्गांत त्याहून वरचे सर्व थर येतातच. येथें कांदा सोलण्याची युक्ति उपयोगी पडते. यंत्र अगदीं वरच्या उंचीपासून पाहत खालीं येतें. सर्वांत वरच्या दृष्टिमार्गांत फक्त बाहेरचा पापुद्रा असतो. त्याचें मान ठरलें कीं तें पुढच्या मोजमापांतून वजा करावयाचें, मग दुसऱ्या पापुद्र्याचें मान निघतें. आणि असें करीत करीत आंत जावयाचें. २००८ च्या उन्हाळ्यापासून या यंत्रानें दर पंधरवड्यांतला एक दिवस ५० ते १५० किलोमीटर उंचीच्या टापूसाठीं राखून ठेवला, आणि मॅग्नेशियमच्या जगभरच्या नोंदी त्यांतून हातीं आल्या.

या उपग्रहाची कक्षा अशी होती कीं विषुववृत्तावर तो नेहमीं स्थानिक वेळेप्रमाणें सकाळीं दहाच्या सुमारास येई. म्हणून रोजचीं मोजमापें परस्परांशीं ताडून पाहणें सोपें झालें. परंतु रात्रींची स्थिति सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या यंत्राला कळणें शक्य नव्हतें. त्या कामीं एन्व्हिसॅटवरचेंच ‘गोमॉस’ हें दुसरें यंत्र उपयोगी पडलें. एखादा तारा क्षितिजाआड मावळत असतां त्याच्या उजेडांतून सोडियम आपला पिवळा वांटा किती काढून घेतो, हें तें पाही. तसेंच २००१ सालीं स्वीडनच्या पुढाकारानें सोडलेल्या ओडिन उपग्रहावर कॅनडानें बनविलेलें ‘ओसिरिस’ हें यंत्र होतें. त्यानें सोडियम आणि पोटॅशियम हे दोन्ही धातु पृथ्वीभर मोजले.

आतां या वह्यांत काय नोंदलें गेलें तें पाहूं. मॅग्नेशियमचे सुटे अणु सुमारें ९० किलोमीटर उंचीवर सर्वांत दाट असून तेथें त्यांची संख्या एका घनसेंटिमीटरांत ७५० ते १५०० भरली. त्यांचे आयन त्याहून वर, ९५ ते १०५ किलोमीटरांच्या दरम्यान आढळले. त्यांची संख्या ५०० पासून ४००० पर्यंत बदलते आणि मध्य अक्षांशांत ती उन्हाळ्यांत वाढते. येथें एक कोडें उभें राहतें. येणाऱ्या धुळींत मॅग्नेशियम सोडियमच्या अठरापट आहे, आणि शिल्लक पाहावी तर मॅग्नेशियमचे सुटे अणु सोडियमहून कमी! याचें उत्तर असें कीं सोडियम कणांतून सहज सुटतो, आणि मॅग्नेशियमचा पुष्कळसा भाग कणांतच राहतो. शिवाय जो सुटतो त्याचाही मोठा हिस्सा आयनांत किंवा संयुगांत अडकून पडतो. वरच्या हवेंतील शिल्लक पाहून येणाऱ्या मालाचा अंदाज करावयाचा, तर हें रसायन आधीं समजलें पाहिजे.

सोडियमची वही आणखी एक चमत्कार दाखविते. मध्य व उच्च अक्षांशांत सोडियम हिवाळ्यांत अधिक व उन्हाळ्यांत कमी असतो. या उंचीवर ऋतूंचा क्रम आपल्या उलट आहे. ध्रुवप्रदेशीं भर उन्हाळ्यांत तेथील तपमान उणें १४० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतें. थराच्या खालच्या अंगास सोडियमचें एक संयुग बनतें, आणि तें दुसरें तिसरें कांहीं नसून आपल्या स्वयंपाकघरांतील खाण्याचा सोडा होय! हायड्रोजनचे सुटे अणु या सोड्यांतून सोडियम पुन्हां मोकळा करतात. परंतु थंडी वाढली कीं ही क्रिया मंदावते आणि सोडियम सोड्याच्या रूपांतच अडकून राहतो. पोटॅशियम हा सोडियमचा सख्खा भाऊ. म्हणून त्याचें वागणें तसेंच असावें, अशी कोणाचीही अपेक्षा होईल. परंतु ओसिरिसच्या नोंदींवरून तो हिवाळा आणि उन्हाळा या दोन्ही ऋतूंत वाढतो असें दिसलें. दोन भावांच्या स्वभावांत असा फरक सर्व पृथ्वीवर आहे, हें उपग्रहामुळें निश्चित झालें.

खर्चाची बाजू थोडक्यांत सांगतों. धातूंचे अणु ऑक्सिजन, पाण्याची वाफ इत्यादिकांशीं संयोग पावून अतिसूक्ष्म कण बनतात. त्यांना उल्काधूम म्हणतां येईल. ध्रुवांकडील उन्हाळ्यांत फार उंचावर जे रुपेरी ढग सूर्यास्तानंतर चकाकतात, त्यांचें हिम या धुराच्या कणांभोंवतीं गोठतें असें मानतात. कांहीं वर्षांनीं हा धूर खालीं उतरून भूमीवर व समुद्रांत मिळतो आणि खातें पुरें होतें.

या सर्वांचा आपणांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. आपण हें भाषण नभोवाणीवर ऐकत आहां, तेव्हां उत्तर नभोवाणीपासूनच देतों. हवेच्या आयनांना इलेक्ट्रॉन भेटला कीं त्यांचे तत्काळ दोन तुकडे होऊन ते निर्भार होतात. धातूचा आयन एकाच अणूचा असल्यामुळें त्याला असें सहज फुटतां येत नाहीं. तो तासन्‌तास टिकतो. वारे व पृथ्वीचें चुंबकत्व मिळून अशा आयनांना दाबून कांहीं किलोमीटरांच्या पातळ पट्ट्यांत आणतात, आणि मग ज्या रेडिओलहरी एरवीं आकाशाबाहेर निघून गेल्या असत्या त्या परतून येतात. शेंकडों कोसांवरचें स्टेशन एखाद्या दिवशीं अवचित ऐकूं येतें, त्याचें हें एक कारण आहे. १९६० नंतरच्या दशकांत अग्निबाणांवरील यंत्रांनीं या उंचीवर मॅग्नेशियम व लोखंड यांचे आयन प्रत्यक्ष पकडले.

हे धातु बाहेरूनच येतात याचा एक नाट्यमय पुरावा मंगळावर मिळाला. १९ ऑक्टोबर २०१४ रोजीं सायडिंग स्प्रिंग नांवाचा धूमकेतु मंगळापासून सुमारें १ लाख ४० हजार किलोमीटरांवरून गेला. भारताचें मंगळयान त्याच्या महिनाभर आधीं तेथें पोंचलें होतें. धुळीच्या माऱ्यापासून वांचविण्यासाठीं त्याला त्या वेळीं मंगळाच्या आड नेण्यांत आलें. अमेरिकेच्या ‘मेव्हन’ या यानानें मात्र धूमकेतु निघून गेल्यावर मंगळाच्या हवेकडे अतिनील दृष्टीनें पाहिलें, तों मॅग्नेशियम आणि लोखंड यांच्या आयनांचा प्रखर उजेड दिसला. एकाच दिवसांत एवढी जमा पडलेली तत्पूर्वीं कोणीं पाहिली नव्हती.

आतां शेवटच्या व सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळतों. आजवर या खात्यांत पैसे भरणारा एकटा निसर्ग होता. आतां दुसरा खातेदार आला आहे, आणि तो म्हणजे आपण. मनुष्यानें पाठविलेले उपग्रह व अग्निबाणांचे टप्पे आयुष्य संपल्यावर वातावरणांत शिरून जळतात. त्यांत ॲल्युमिनियम मुख्य. शिवाय तांबें, लिथियम आणि उल्कांत नांवालाच आढळणारे कित्येक धातु. २०२३ सालीं अमेरिकन संशोधकांनीं उंच उडणाऱ्या विमानांतून पकडलेल्या कणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओझोनच्या प्रदेशांतील गंधकाम्लाचे जे मोठे कण त्यांनीं तपासले, त्यांतील सुमारें १० टक्के कणांत अवकाशयानांचे धातु सांपडले. आणि ॲल्युमिनियम, तांबें, लिथियम व शिसें यांच्या बाबतींत यानांपासून येणारी भर उल्कांच्या भरीहून अधिक भरली. ॲल्युमिनियमच्या भस्माच्या पृष्ठावर क्लोरीनच्या अशा क्रिया घडूं शकतात कीं ज्यांनीं ओझोनची हानि होते. म्हणून ही भर दुर्लक्ष करण्यासारखी नाहीं.

नव्या खातेदारानें किती भरलें हें कळण्यास जुन्याची शिल्लक ठाऊक असावी लागते. आणि मॅग्नेशियमच्या बाबतींत तर ती उपग्रहावरूनच कळते. एन्व्हिसॅटचा आवाज ८ एप्रिल २०१२ रोजीं एकाएकीं बंद पडला, आणि स्कायामाकीची वही त्याच दिवशीं मिटली. उपग्रहांची गर्दी खरी वाढली ती त्यानंतरच्या वर्षांत. म्हणजे त्या वहीच्या पानांत जवळजवळ निखळ निसर्गाचा हिशेब आहे, आणि तो चार वर्षांचाही पुरता नाहीं.

अखंड नोंदीचें मोल काय असतें, याचें उदाहरण मुंबईंतच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवूं लागले. १८५९ सालचें प्रचंड सौर वादळ तेथील वहींत नोंदलें गेलें, आणि दीडशें वर्षांनींही शास्त्रज्ञ तीं पानें उलगडून पाहतात. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरल्यावर ही वेधशाळा अलिबागेस हलविली. परंतु हलवितांना १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणचीं यंत्रें एकाच वेळीं चालू ठेविलीं. जुन्या यंत्राचें माप नव्याशीं ताडून पाहिलें, आणि मगच जुनें बंद केलें. त्यामुळें ती नोंद आजही एकसंध मानली जाते.

वरच्या हवेंतील धातूंच्या बाबतींत हीच शिस्त हवी. एक उपग्रह थकण्यापूर्वीं दुसरा त्याच्याशेजारीं उभा असावा आणि दोघांनीं कांहीं काळ एकच थर मोजावा. अशा कामांत नवीन ग्रह सांपडत नाहीं कीं वर्तमानपत्रांत मोठा मथळा येत नाहीं. म्हणून त्यासाठीं पैसा मागणाऱ्या शास्त्रज्ञांचा आवाज क्षीण पडतो. ओझोनचा पडदा आपणां सर्वांच्या डोक्यावर आहे, आणि त्याच्यावर आपण काय शिंपडीत आहों याचा हिशेब मागण्याचा अधिकारही सर्वांचा आहे. सुशिक्षित नागरिकांनीं तो हिशेब मागावा, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.